‘ताट संपव, नाहीतर गुनाह लागेल’: मुलांच्या जेवणाबद्दल दीन (आपला धर्म) काय शिकवतो

कुर्ल्याच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. मुलगा मोबाईल समोर असल्याशिवाय घास तोंडात घेत नाही. साधा भात, चिकनची तंगडी आणि पाकिटातले वेफर्स सोडले तर त्याला काही चालत नाही, भाजी दिसली की ताट बाजूला सरकवतो. दादी म्हणते, अन्न टाकणं गुनाह (पाप) आहे, ताट चाटूनपुसून संपवलंच पाहिजे. त्यावरून रोज रात्री रडारड. शाळा सुटल्यावर मदरशात जाताना वाटेतल्या दुकानातून पाच रुपयांचं पाकीट ठरलेलं. आई विचारते, ‘दीन सांभाळून मुलांना चांगलं खायची सवय कशी लावू? आणि या रमजानला तो रोजा धरणार म्हणून हटून बसलाय, धरू देऊ का?’

मी मुलांची आहारतज्ज्ञ आहे आणि स्वतः मुंबईतल्या कोकणी मुसलमान घरात वाढले आहे. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून सतत येतो. तुमच्या घरातली निम्मी रडारड दादीच्या वाक्यावरून होते, म्हणून आधी त्याच्याकडेच वळते.

दादी चुकीचं बोलत नाहीत. खाली पडलेला घास उचलावा, त्याला लागलेलं झाडून तो खावा, भांडं पुसून घ्यावं, कारण बरकत अन्नाच्या कुठल्या भागात आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, असं पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस (त्यांच्या वचन-वर्तनाची नोंद) सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात आहे. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत ‘खा, प्या, पण अतिरेक करू नका’ असा हुकूम आहे. हे मुलांना शिकवायलाच हवं. पण सहा वर्षांच्या पोराच्या ताटात तीन डाव भात त्याने स्वतः वाढून घेतला होता का? वाढला आपण. इसराफ (अतिरेक, नासाडी) झाला तो वाढताना, आणि त्याची भरपाई आपण लेकराच्या गळ्यातून करून घेतो. पोट भरल्यावर कोंबलेले चार घास हासुद्धा इसराफच आहे. माणूस पोटापेक्षा वाईट भांडं भरत नाही, पाठ ताठ राहील एवढे घास त्याला पुरे, आणि जास्त खायचंच झालं तर एक तृतीयांश अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला ठेवावं, ही तिर्मिजी या संग्रहातली हदीस आपण मोठ्यांच्या बयानात (प्रवचनात) ऐकतो आणि मुलाला भरवताना विसरतो.

डॉक्टरी बाजूनेही तेच दिसतं. पोट भरल्याची जाणीव बाळ जन्मतःच घेऊन येतं. दूध पिऊन झालं की ते तोंड फिरवतं. ‘अजून दोन घास, दादीसाठी एक, अब्बांसाठी एक’ असं वर्षानुवर्षं चाललं की ती जाणीव बोथट होते. मग दहाव्या-बाराव्या वर्षी तेच आईवडील मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, हा थांबतच नाही, काय करू?

राहता राहिला गुनाहचा धाक. तीन जणांवरून लेखणी उचललेली आहे, आणि त्यांतलं एक वयात न आलेलं मूल आहे, ही हदीस दादींनाही माहीत असेल. ज्याच्या नावावर गुनाह लिहिलाच जात नाही, त्याला अर्ध्या चपातीसाठी जहन्नमची भीती घालणं दीनलाही धरून नाही आणि पोटालाही मानवत नाही. भीतीने आवळलेल्या पोटात भूक राहत नाही. शिवाय अल्लाहचं नाव आणि जेवणातलं रडू यांची गाठ त्या वयात बसली, तर ती सुटायला फार वर्षं लागतात. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

म्हणून पहिला बदल वाढण्यात करा. सहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला लहान वाटीभर भात, मटणाचा किंवा चिकनचा एक तुकडा आणि भाजीचा एकच चमचा. अडीच वर्षांच्या मुलीला त्याच्या निम्मं. संपलं आणि त्याने ‘अजून’ म्हटलं तर पुन्हा वाढा, आनंदाने वाढा. ताट रिकामं होतं, ते त्याने स्वतः रिकामं केलेलं असतं, आणि दादींचा जीवही शांत राहतो. जमत असेल तर सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून एका थाळ्यात बसा. भेंडीबाजारातल्या बोहरी घरांत अजूनही चिमूटभर मीठ चाखून सगळे एका थाळ्यात जेवतात, आणि आपल्याकडेही गावच्या घरात ही पद्धत होतीच. एका थाळ्यात मुलाचा वेगळा ढीग नसतो, त्यामुळे ‘तुझं संपव’ म्हणायची वेळच येत नाही. शिवाय तो मोठ्यांच्या हाताकडे बघत बघत चार नव्या गोष्टी चाखून जातो.

काय शिजवायचं, कधी आणि कुठे बसून जेवायचं, हे तुम्ही ठरवा. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही वाटणी आज मुलांच्या आहाराचं काम करणारे आम्ही बरेच जण वापरतो. आपल्या घरांत ती उलटी झालेली असते. काय शिजेल ते मूल ठरवतं आणि किती गिळायचं ते आई.

आता भाजी. हजरत अनस (रजि.) दहा वर्षांच्या आसपासच्या वयात पैगंबरांच्या (स.) खिदमतीला (सेवेला) आले आणि दहा वर्षं राहिले. ते सांगतात की एका शिंप्याने जेवायला बोलावलं होतं. जवाची भाकरी होती, आणि दुधी व सुकवलेलं मांस घातलेला रस्सा होता. पैगंबर (स.) त्या रश्शातल्या दुधीच्या फोडी शोधून शोधून खाताना त्यांनी पाहिले, आणि त्या दिवसापासून आपल्याला दुधी आवडायला लागला, असं अनस (रजि.) म्हणतात. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुधी खा, त्यात ताकद असते, असं तिथे कोणी अनसना सांगितलं नाही. एक मुलगा आपल्या लाडक्या माणसाकडे बघत होता, एवढंच घडलं. दुधी-गोश्त तर आपल्याकडे होतंच. पण अब्बा त्यातले गोश्तचे तुकडे उचलून दुधी बाजूला सारत असतील, तर मुलगाही तेच करणार. म्हणून भाजीची सुरुवात अब्बांच्या ताटापासून करा आणि त्यांच्याशी हे मुलाच्या माघारी बोला.

दोन ते सहा या वयात नव्या चवीला घाबरणं अगदी नेहमीचं आहे. नवीन पदार्थ मुलाने स्वीकारायला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. बहुतेक आया तिसऱ्या-चौथ्या वेळेला हात टेकतात आणि ‘याला भाजी आवडतच नाही’ असं जाहीर करून टाकतात, तेही त्याच्यादेखत. तुम्ही तसं करू नका. एक चमचा भाजी ताटात रोज असू द्या, तिचं कौतुक नको, आग्रह नको. त्याने हात लावला, वास घेतला, जिभेला लावून परत ठेवली, तरी ती पुढे पडलेली पायरी आहे. भाजी आणायला त्याला बरोबर न्या. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यासमोर त्याला दोनांतली एक निवडू द्या, गवार की भेंडी? घरी आल्यावर तिची टोकं त्याच्याकडून मोडून घ्या. स्वतः मोडलेल्या शेंगेकडे मूल वेगळ्या नजरेने बघतं. काकडी आणि खजूर एकत्र खाण्याची सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, ती तर मुलांना फार आवडते. वाटीत काकडीच्या फोडी आणि बी काढून चिरलेला एक खजूर द्या, मधल्या वेळेचं खाणं झालं.

आणि तरीही काही पदार्थ त्याला आवडणार नाहीत, हे मान्य करा. पैगंबरांसमोर (स.) एकदा भाजलेली घोरपडीसारखी वाळवंटी पाल, अरबीत जिला दब्ब म्हणतात, ती वाढली गेली. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असं खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं. नाही, पण माझ्या लोकांच्या भूमीत हे नसतं, म्हणून मला ते नकोसं वाटतं, असं उत्तर मिळालं. खालिद यांनी ते ओढून घेऊन खाल्लं, पैगंबर (स.) बघत राहिले. न आवडण्याला इतकी मोकळी जागा तिथे होती. त्याच वेळी, त्यांनी अन्नाला कधी नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडलं, असं अबू हुरैरा (रजि.) सांगतात. मुलाला हे दोन्ही एकत्र द्या. तुला नको असेल तर ‘मला आज नको’ म्हण, पण ‘छी’ म्हणायचं नाही, कारण कुणीतरी ते मेहनतीने बनवलंय. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे. ‘आज परत भेंडी?’ हे वाक्य दारातून आत येताना अब्बांच्या तोंडून निघालं, तर मुलाला ते आमच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

जेवताना किती बोलायचं, याचाही नमुना आपल्याकडे आहे. उमर बिन अबी सलमा (रजि.) हे पैगंबरांच्या (स.) घरात वाढलेलं लेकरू, त्यांच्या पत्नी उम्मे सलमा (रजि.) यांचा मुलगा. जेवताना त्याचा हात थाळ्यात सगळीकडे फिरायचा. त्याला सांगितलं गेलं: बाळा, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या पुढ्यातलं खा. तीन छोट्या गोष्टी, ‘बाळा’ म्हणून. पुढे आयुष्यभर मी तसाच जेवत आलो, असं ते सांगतात. आपल्या घरांत एका जेवणात मुलाला पंचवीस सूचना मिळतात. नीट बस, सांडू नकोस, लवकर चाव, बघ बहीण कशी जेवते. बहिणीशी तुलना तर आजपासून बंदच करा. एका वेळी एकच सवय धरा आणि ती अंगवळणी पडेपर्यंत बाकीची राहू द्या. तुमचं मूल डावखुरं असेल तर जेवणासाठी उजवा हात प्रेमाने, हळूहळू वळवा, पण डाव्या हातावर चापट मारू नका, आणि लिहायला तो हात वापरत असेल तर अडवू नका.

मोबाईल एका झटक्यात काढून घेतला तर दोन-तीन दिवस वादळ होईल, पण माझ्या अनुभवात तोच मार्ग कमी त्रासाचा ठरतो, अट एवढीच की घरातल्या सगळ्यांचे फोन जेवताना बाजूला ठेवायचे. दादींची मालिकासुद्धा तेवढा वेळ बंद. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला आपण काय खातोय आणि पोट कधी भरलं, हे कळत नाही. म्हणून ते कधी फार कमी खातं, कधी फार जास्त. त्या रिकाम्या जागी काहीतरी द्यावं लागतं. त्याला दस्तरखान (जेवणाचं कापड) अंथरायचं काम द्या. बिस्मिल्लाह मोठ्याने म्हणायची आणि कोणी विसरलं तर आठवण करून द्यायची जबाबदारी त्याची. विसरलेल्याने मध्येच ‘बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू’ म्हणायचं असतं, हे त्यालाच शिकवा. दादीची चूक पकडायला मिळते म्हणून मुलं या कामावर जीव टाकतात. पाणी बसून, तीन श्वासांत प्यायची सुन्नतही अशीच खेळत शिकवता येते, आणि जेवणाआधी दोन ग्लास घटाघट पिऊन भूक मारायची सवय त्यामुळे सुटते.

मुंबईत खरी अडचण वेळेची असते. अब्बा लोकलने साडेनऊ-दहाला घरी येणार, आणि त्यांच्यासाठी मुलं पेंगत थांबणार. मग मधल्या वेळात बिस्किटं, फरसाण, दूध. वेगवेगळं जेवल्याने पोट भरत नाही, एकत्र जेवा, त्यात बरकत आहे, अशी हदीस आहे खरी, पण ती रात्री साडेदहाला मुलांना जागवण्यासाठी नाही. मुलांचं जेवण मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजेनंतर), इशाच्या (रात्रीच्या नमाजेच्या) आत उरका, तुम्ही किंवा दादी त्यांच्याबरोबर खरोखर दोन घास खात बसा. अब्बांबरोबरचं जेवण सकाळचं ठेवा. घावन आणि अंडं किंवा तांदळाची भाकरी आणि रात्रीचं सालन, वीस मिनिटं, सगळे एकत्र. जेवण आणि मधलं खाणं यांत दोन-अडीच तासांचं अंतर असू द्या, त्या वेळात फक्त पाणी. तुमचा मुलगा रात्री जेवत नाही याचं अर्धं कारण संध्याकाळी साडेपाचला खाल्लेलं ते पाकीट आहे, हे तुम्हाला आठवड्यात दिसेल.

त्या पाकिटाबद्दल. शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) २०२०चा नियम आहे. पण तुमच्या मुलाचं दुकान मदरशाच्या वाटेवर आहे, तेव्हा काम तुम्हालाच करावं लागणार. पैगंबरांचे (स.) नातू हसन (रजि.) लहान असताना त्यांनी सदक्याच्या (दानाच्या) ढिगातला खजूर तोंडात टाकला, तेव्हा पैगंबरांनी (स.) तो बाहेर टाकायला लावला आणि लगेच कारणही सांगितलं, की आपण सदका खात नाही. लहान मुलालाही कारण सांगायचं असतं, पण एका वाक्यात. ‘हे खाल्लं की रात्रीची भूक मरते, म्हणून रोज नाही, जुम्म्याला (शुक्रवारी) एक.’ आणि मग जुम्म्याला द्या, कुरकुर न करता. बाकी दिवशी मदरशाच्या पिशवीत भाजलेले शेंगदाणे-गूळ, चणे, केळं किंवा उकडलेलं अंडं द्या, आणि थोडं जास्तच द्या, शेजारी बसणाऱ्यालाही मिळेल. आपल्याकडे पाकीट घेताना जिलेटिन आहे का, मांसाहाराची तपकिरी खूण आहे का, हे बघायची सवय असते. ती फार चांगली सवय आहे, तिच्यातच दुसरी घाला. कुरआन हलाल आणि चांगलं, दोन्ही एकदम मागतो. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत पहिल्या तीन नावांत साखर, मैदा किंवा पामतेल असेल तर ते रोजचं खाणं नाही. वाचायला लागलेल्या मुलाला हे शोधायला फार मजा येते.

इथे एका गोष्टीवर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण ती आपल्या वस्त्यांत सगळीकडे दिसते: सकाळचा चहा आणि खारी, किंवा चहा-पाव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक मुलं रक्तक्षयी आढळली. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाही. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलीचंही तेच होतं. पोट दुधाने भरतं, जेवायला जागा राहत नाही, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. अडीच वर्षांच्या मुलीला दिवसाला दोन कप दूध पुरे, पेल्यातून, बाटली बंद. मुलाचा चहा बंद. आठवड्यातून एकदा थोडी कलेजी, खिमा, मसूर, हिरवी भाजी, सोबत लिंबू पिळायचं, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. मांदेली, बोंबील, सुकट हे स्वस्त आणि उत्तम, फक्त काटे बघून. गोश्त रोज हवंच असं नाही. डाळ-भात आणि अंडं हे पूर्ण जेवण आहे, ते गरिबीचं लक्षण समजू नका.

‘सुन्नत’ म्हणून बाजारात मिळणारी खजुराची सिरपं, मधाच्या गोळ्या, कलौंजीची चॉकलेटं यांपासून जपून. खजूर सुन्नत आहे, त्याचं साखर घातलेलं सिरप हे सिरपच आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोटभरही नाही. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तहनीकसाठी (नवजात बाळाला गोड चाखवण्याच्या रीतीसाठी) खजूर अगदी मऊ चावून त्याचा नुसता अंश टाळूला लावतात, तुकडा तोंडात राहता कामा नये, आणि बाळ कमी दिवसांचं किंवा अशक्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्या अडीच वर्षांच्या मुलीलाही अख्खे बदाम, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, बीसकट खजूर नको. घशात अडकतं.

‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ आणि ‘सबक (कुरआनचा धडा) पाठ केलास तर टॉफी’ हे दोन्ही सौदे बंद करा. पहिल्याने भाजी शिक्षा ठरते आणि टॉफी बक्षीस. दुसऱ्याने कुरआनची किंमत टॉफीएवढी होते. ईदचा शीरखुर्मा, रमजानमधली मोहम्मद अली रोडची फिरनी आणि मालपुआ हे आनंदाने खाऊ द्या, कशाच्याही बदल्यात नाही, सणाचं म्हणून.

रोज्याचं उत्तर सरळ आहे. सहा वर्षांच्या मुलावर रोजा फर्ज (बंधनकारक) नाही, आणि नमाजेची तालीमसुद्धा सातव्या वर्षापासून सांगितली आहे. पण त्याची हौस मोडू नका. सहाबांच्या (पैगंबरांच्या साथीदारांच्या) घरांत मुलांना आशूराचा (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाचा) रोजा धरायला लावत आणि भुकेने रडू लागली तर लोकरीची खेळणी देऊन इफ्तारपर्यंत त्यांचं मन रमवत, असं रुबय्यी बिन्त मुअव्विज (रजि.) यांनी सांगितलंय. सवय लावण्याला आधार आहे. फेब्रुवारी-मार्चच्या रमजानातही मुंबईत रोजा जवळपास १३ तासांचा होतो. या वयाला सुट्टीच्या दिवशी सेहरीपासून (पहाटेच्या जेवणापासून) जुहरपर्यंतचा (दुपारच्या नमाजेपर्यंतचा) अर्धा रोजा पुरे, तोही मोजके दिवस. सेहरीला त्याला खरोखर उठवा, अंडं, भाकरी, केळं आणि पाणी द्या, मोठ्यांबरोबर बसवा. चक्कर, डोकेदुखी, गडद लघवी दिसली किंवा त्याने पाणी मागितलं, तर लगेच द्या आणि ‘तोडलास’ असा शब्दही काढू नका. उर्दू वर्तमानपत्रांत छोट्या रोजेदारांचे हार घातलेले फोटो बघून शेजारीपाजारी चढाओढ लागते, तिच्यात पडू नका. इफ्तारीला आधी खजूर-पाणी, मग फळं आणि डाळ किंवा खिचडा, भजी-समोसा शेवटी एखादा. पोट आधीच भरत आलं असेल तर तळलेलं आपोआप कमी जातं.

हे सगळं करून दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर केवळ हट्ट समजून बसू नका. मुलगा मोजून पाच-सहा पदार्थांच्या पलीकडे जातच नसेल, घट्ट घास तोंडात जाताच उलटी येत असेल, वजन वाढायचं थांबलं असेल, माती-खडू-भिंतीचा चुना खात असेल, फिकट दिसत असेल किंवा खेळताना लवकर दमत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला सायन रुग्णालय जवळ आहे, परळचं वाडिया आणि मुंबई सेंट्रलचं नायरही आहे. लोहाचं औषध दुकानातून स्वतःहून आणून सुरू करू नका, आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. जाताना लसीकरणाचं कार्ड घ्या, त्यावर आधीची वजनं असतात. आणि एका आठवड्यात त्याने काय, किती वाजता आणि कोणाबरोबर बसून खाल्लं, हे वहीत लिहून न्या. चहा, बिस्किटं आणि मदरशाच्या वाटेवरचं पाकीटसुद्धा त्यात लिहा.